छत्तीस छायाचित्रांचा हिशेब

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत काल सकाळी मी छत्तीस छायाचित्रे टिपली आणि ती सगळीच्या सगळी फिल्मच्या एकाच तुकड्यावर, तेही रोल भरतानाच उजेड लागून वाया गेलेल्या तुकड्यावर, एकमेकांच्या डोक्यावर बसली. हे मला एका लसूणविक्रेत्याकडून कळले, आणि माझा राग आहे तो त्यांच्यावरच.

डिजिटल कॅमेरा घरी आहे. परंतु मला हवे असते कृष्णधवल, आणि तो आधी रंगीत टिपतो आणि मग रंग काढून टाकतो; आमटी करून झाल्यावर तिच्यातली हळद वेचावी, तसला तो प्रकार. रंगांची गाळणीच नसलेला, निव्वळ कृष्णधवल लायका कॅमेरा २०१२ साली निघाला खरा, पण तो घ्यायचा तर मोटार विकावी लागेल आणि मोटार माझ्याकडे नाही. म्हणून मी जुना पेंटॅक्स के-१००० आणि इलफर्डची ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म घेऊन हिंडतो, मंडईच्या १८८६ सालच्या इमारतीत उन्हाची तिरीप कोथिंबिरीच्या जुडीवर कधी उतरते याची वाट पाहतो आणि घरी रोल धुताना रसायन २० अंशांवर आणण्यासाठी आईच्या फ्रिजमधला सगळा बर्फ संपवतो.

छत्तिसाव्यानंतर फिल्म पुढे सरकवणारा खटका अडायला हवा होता. तो अडला नाही, तेव्हा रोलवर एखादे जास्तीचे निघते म्हणून मी खूषच झालो.

"साहेब, तुमचा रोल फिरत नाहीये," लसणाचे गड्डे फोडता फोडता काका म्हणाले.

"कशावरून?"

"खटका ओढला की डावीकडची चकती फिरायला पाहिजे. तुमची पहिल्यापासून गप्प बसलीय."

"पहिल्यापासून? तुम्ही कधी पाहिलंत?"

"तुम्ही शेवग्याच्या शेंगांसमोर गुडघे टेकलेत ना, तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"म्हटलं, तुमची काही पद्धत असेल. हल्ली लोक मुद्दाम काय काय करतात. शिवाय तुम्ही अगदी तल्लीन झाला होतात."

या गृहस्थांनी अठरा वर्षे लग्नांचे फोटो काढले होते आणि डिजिटल आल्यावर कॅमेरा विकून लसूण धरला होता. आमच्या गावात दुसऱ्याची चूक मध्येच थांबवत नाहीत. ती नीट पूर्ण होऊ देतात आणि मग तिचे निरूपण करतात. चाळीस मिनिटे हा माणूस माझे उठणे-बसणे पाहत होता, आणि मी मात्र त्या नजरेला कौतुक समजत होतो.

काकांनी कॅमेरा मागून घेतला, मागचे दार उघडले, फिल्मचे शेपूट फिरकीच्या खाचेत खुपसले, अंगठ्याने दाबून दोनदा खटका ओढला आणि फिरणारी चकती माझ्या नाकासमोर धरली.

"आता माझा एक काढा," ते केस सारखे करत म्हणाले. "पण रंगीत येईल ना? काळ्या-पांढऱ्याला कंटाळून तर आम्ही रंगीत घेतलं होतं."

मी काढला. कॅमेऱ्याला अजून लसणाचा वास येतो आहे.