हवा शुद्ध, खिसा साफ

ट्रॅफिकमध्ये अडकलात की दर आठवड्याला तुमच्या मनात येतंच, हे सगळं सोडून जंगलात जाऊन राहावं, वाघ वाचवावेत. जरूर या. फक्त येण्याआधी इथल्या कमाईची रीत समजून घ्या, म्हणजे नंतर तोंड कडू व्हायचं नाही.

जंगलात मजुरी रुपयांत मोजत नाहीत, ऑक्सिजनमध्ये मोजतात. माझा चुलतभाऊ ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलात, वनखात्याच्या रोजंदारीवर आहे. जिप्सीतून उतरलेला प्रत्येक पाहुणा त्याला सांगतो, "काय नशीबवान आहात हो तुम्ही!" परवा किराणावाल्याने उधारीची वही पुढे केली, तेव्हा भावाने त्याला विचारलं, "या नशिबाचे किती वळते करून घेशील?" किराणावाला अडाणी. रोख मागत बसला.

रोपवाटिका, खड्डे, लागवड ही कामं पुष्कळदा रोजगार हमी योजनेतून होत आली आहेत. 2024-25 मध्ये राज्यात तिचा दर होता दिवसाला 297 रुपये, 2025-26 साठी झाला 312. घसघशीत 15 रुपयांची वाढ! एवढ्या पैशांचं काय करायचं म्हणून गांगरून जाऊ नका. 10 रुपयांचा चहा प्या, उरलेले 5 मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाका. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला होता, आकडा थेट देवांशी जुळवून. फोटोत झारी धरलेले हात ओळखीचे असतात. खड्डा आदल्या दिवशीच कुणीतरी खणून ठेवलेला असतो आणि त्याचे पैसे पुढच्या महिन्यात कधीतरी येतात.

आता गणित. जंगलात दिवस मोजता यायला हवेत, पण 240 पर्यंत मोजायचा हावरटपणा करू नका. वर्षात 240 दिवस काम भरलं की माणूस कायद्याच्या डोळ्यांत भरायला लागतो. वर्षानुवर्षं राबलेल्या हजारो वनमजुरांना 2012 साली शासनाने कायम केलं, तेव्हाही याच 240 ची फुटपट्टी लागली होती. त्यामुळे आकडा जवळ आला की काम आपोआप संपतं. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवायची पट्टी, कापून होते, पाणवठा भरून होतो, वाघसुद्धा बहुतेक रजेवर जातो. महिनाभर घरी बसायचं आणि मग नव्या मस्टरवर नवा मजूर म्हणून यायचं, त्याच पायवाटेने. माझा भाऊ असा चौदा वर्षं नवा आहे.

कायमच व्हायचं असेल तर वनरक्षकाची भरती असते. पात्रता बारावी, त्यामुळे रांगेत पदवीधर पोरं भरपूर. पुरुषांना 5 किलोमीटर 30 मिनिटांत धावायचं असतं. निवड नाही झाली तरी सराव वाया जात नाही, उधारीवाला समोर दिसला की कामी येतो.

खर्चाची चिंता नको, जंगलात मॉल नाहीत. फक्त गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स नावाच्या अ‍ॅपवर होते, म्हणून स्मार्टफोन लागतो. भावाच्या कॅम्पवरची वाटणी सोपी आहे: फोन तुमचा, रिचार्ज तुमचा, वाघ सरकारचा. पेट्रोलचंही तसंच. मुलांना बरी शाळा हवी म्हणून त्याची बायको तालुक्याला खोली घेऊन राहते. एका मजुरीवर दोन चुली पेटतात. भावाच्या चुलीवर भात शिजतो आणि जवसाची चटणी डब्यातून येते. तुमच्या रिसॉर्टवर यालाच 'ट्रायबल थाळी' म्हणतात, तेव्हा तक्रार कशाला?

मोठा पैसा मात्र एकाच वाटेने येतो. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना 25 लाख मिळतात. 312 रुपये रोजाने वर्षाला 300 दिवस धरले, म्हणजे 240 ची भानगड विसरून, तरी ही सव्वीस वर्षांहून जास्त मजुरी झाली. घराण्यातल्या एकाही जिवंत माणसाने एवढी रक्कम पाहिलेली नाही. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोबात वाघांच्या खुणांची नोंद घेत चालणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ओढून नेलं. मजूर सोबत होते. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला, कारण रोजंदारीत सुतकाची रजा बसत नाही. (इथे मला विनोद सुचला नाही, माफ करा.)

आणि बुद्धपौर्णिमेला मचाणावर जरूर बसा. चांदण्यात रात्रभर पाणवठ्याकडे बघायचं आणि आलेलं जनावर टिपून ठेवायचं. त्यासाठी तुम्ही काही हजार भरून बुकिंग केलेलं असतं, शेजारी रोजावरचा मजूर बसलेला असतो. तेच चांदणं, तेच डास. पहाटे तुम्ही झोपायला रिसॉर्टवर जाता, तो पाण्याची बाटली भरून जाळरेषेवर जातो, कारण आगीचा हंगाम 15 जूनपर्यंत असतो.

पहाटे तीनच्या सुमारास, अस्वल येऊन पाणी पिऊन गेलं की, तो तुमच्याकडे वळून हळूच विचारेल, "साहेब, इथं बसाचे तुमी खरंच पैसे भरले का जी?"

हो म्हणा. आकडा सांगू नका.