‘तार जितकी लांब, तितकी स्टेशनं जास्त’ हे खरं नाही

शॉर्टवेव्ह ऐकू लागलेल्याला कुणी ना कुणी हा सल्ला देतंच: गच्चीवर अँटेना म्हणून 30 मीटर जाड, उघडी तांब्याची तार ताणा, तिचं टोक चिमट्याने रेडिओच्या दांडीला लावा, अर्थ प्लगच्या तिसऱ्या पिनला द्या. तार जितकी लांब, तितकी स्टेशनं जास्त. व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या काळात यातलं बरंचसं चालून जायचं. तेव्हा घरात एलईडी दिवे, चार्जर, राउटर आणि इन्व्हर्टर नव्हते. आज हाच सल्ला पाळला तर मुख्यतः खरखर वाढते.

आधी लांबीचं पाहू. स्टेशन कळणं ठरतं ते त्याचा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे यावर. तार वाढवली की सिग्नल वाढतो आणि गोंगाटही वाढतो. रेडिओवरच्या सिग्नल मीटरचा काटा वर चढतो, पण शब्द पूर्वीइतकेच कळतात. याची कसोटी सोपी आहे. दुपारी 15 मेगाहर्ट्झच्या आसपास स्टेशन नसलेली एखादी रिकामी जागा लावा आणि अँटेना काढा. खरखर स्पष्टपणे खाली आली, तर आहे ती अँटेना पुरेशी आहे. 10 ते 15 मीटर तार जमिनीपासून 4-5 मीटर उंच असली, तर बहुतेक ठिकाणी ही कसोटी पार पडते. शिवाय 21 मेगाहर्ट्झला 30 मीटरची तार दोन तरंगलांबींहून मोठी ठरते. मग ती टोकांच्या दिशेकडचं जास्त ऐकते आणि काटकोनातलं कमी.

छोट्या पोर्टेबल रेडिओचं आणखी एक दुखणं म्हणजे ओव्हरलोड. त्याचं सर्किट दांडीपुरतंच बेतलेलं असतं. लांब तार लावली की जवळचं मीडियमवेव्ह केंद्र शॉर्टवेव्हवर भलत्याच जागी बोलू लागतं. 455 किलोहर्ट्झ आयएफच्या (रेडिओ आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आणतो, तिच्या) साध्या संचांत जोरदार स्टेशन 910 किलोहर्ट्झ खालीही उमटतं, म्हणजे 9,870 वरचं 8,960 वर. ‘स्टेशनं वाढली’ असं वाटतं, त्यातली काही हीच भुतं असतात. अशा वेळी आधी रेडिओला येणारा सिग्नल कमी करणारं ‘लोकल’ बटण दाबून पाहा. त्रास मीडियमवेव्हचा असेल, तर 2 मेगाहर्ट्झखालचं अडवणारा फिल्टर बसवा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘तार थेट रेडिओपर्यंत आणा’ हा भाग. खिडकीतून आत आलेली तार घरातल्या वायरिंगजवळून जाते आणि तिथला सगळा गोंगाट उचलते. बाहेर कितीही चांगली ताणलेली असो, आतले शेवटचे 3 मीटर तिचं काम बिघडवतात. म्हणून तार बाहेरच संपवावी आणि तिथून कोअॅक्सने, म्हणजे भोवती जाळी असलेल्या केबलने, आत यावं. डिशटीव्हीची आरजी-6 केबल या कामाला उत्तम आहे. 30 मेगाहर्ट्झलाही 20 मीटरमागे तिच्यात एक डेसिबलपेक्षा कमी तूट होते. तार आणि केबल यांच्यामध्ये, दोघींचा मेळ बसवायला, 9:1 ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यासाठी एफटी-114-43 फेराइट रिंगवर तारेच्या बाजूला 15 वेढे आणि केबलच्या बाजूला 5 वेढे घ्या. वेढ्यांचे हे दोन संच एकमेकांना कुठेही जोडू नका, कारण जोडले तर केबलच्या जाळीवरून घरातला गोंगाट पुन्हा तारेकडे चढतो. 15 वेढ्यांचं दुसरं टोक तिथेच जमिनीत ठोकलेल्या मीटर-दीड मीटरच्या सळईला द्या. तारेवर साचणारी स्थिर वीजही याच वाटेने उतरते. एरवी कोरड्या वाऱ्यात हीच स्थिर वीज रेडिओचा पहिला ट्रान्झिस्टर जाळते. सगळं पाणी न शिरणाऱ्या डबीत बसवा आणि केबल डबीच्या खालून काढा.

गच्चीवर सळई ठोकायला जागा नसेल, तर अर्थशिवाय चालणारा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन सारख्या बाजूंची अँटेना, घ्या. 31 मीटर बँडसाठी प्रत्येक बाजूला 7.4 मीटर तार लागते.

जाड, उघड्या तांब्याचा आग्रह निव्वळ खर्च वाढवतो. 10 मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या सुमारे 0.02 मिलिमीटर थरातूनच वाहतो. घरगुती वायरिंगची 1 चौरस मिलिमीटरची, प्लॅस्टिक आवरणाची मल्टिस्ट्रँड तार पुरते. आवरणाने ऐकण्यात फरक पडत नाही, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तांबं टिकतं. टोकांना पीव्हीसी पाइपचे 10 सेंटिमीटरचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधा. झाडाला बांधणार असाल तर तारेला झोळ ठेवा, नाहीतर पहिल्याच वावटळीत ती तुटेल.

प्लगच्या तिसऱ्या पिनचा सल्ला धोक्याचाही आहे. चार्जर आणि कॉम्प्युटरच्या सप्लायमधले फिल्टर आपला गोंगाट याच अर्थमध्ये सोडतात. शिवाय जुन्या इमारतींत ती पिन कधी कुठेच जोडलेली नसते, तर कधी न्यूट्रलला जोडलेली असते. मग रेडिओवरच विजेचा दाब येऊ शकतो.

‘अर्थ दिला की वीज पडली तरी भीती नाही’ हेही त्याच सल्ल्यासोबत सांगतात. घरगुती सळई किंवा अरेस्टर (जास्तीचा दाब जमिनीत उतरवणारा भाग) थेट पडलेली वीज पेलू शकत नाही. वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून सोडवून तिचं टोक खिडकीबाहेर टाका. ढग डोक्यावर आल्यावर मात्र तिला हात लावू नका. महावितरणच्या तारांच्या वरून किंवा खालून अँटेना कधीच नेऊ नका. ती तुटून झोक्याने गेली तरी तिथवर पोचणार नाही, इतकं अंतर राखा.