ऐतिहासिक सत्यतेवर निबंध कसा पाडावा

विद्यार्थिमित्रहो, विजय तेंडुलकरांच्या नाटकावर 'घाशीराम कोतवाल : ऐतिहासिक सत्यता' असा प्रकल्प लिहायचाय? घाबरू नका. असल्याच प्रकल्पांचा गठ्ठा तपासून नुकताच उठलोय, ताजं ताजं मार्गदर्शन करतो.

नाटक वाचू नका. वाचलं की उगाच शंका येतात.

सुरुवात 'नाटक हा समाजाचा आरसा आहे' इथूनच करावी. तपासणाऱ्याला ते वाक्य पाठ असतं, त्याचाही वेळ वाचतो.

सनावळ्या बिनधास्त ठोकाव्यात. घाशीराम पुण्याचा कोतवाल, म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, झाला १७७७ मध्ये, जमावाने त्याला दगडांनी ठेचलं १७९१ मध्ये, आणि तेव्हा पेशव्यांच्या गादीवर सवाई माधवराव होते. तुम्ही मात्र पहिला बाजीराव लिहा. तो १७४० मध्येच वारला, पण पडद्यावर पाहिलाय ना, मग झालं! शेजाऱ्याचं उतरवताना 'कोटवाल' आलं तर तेही तसंच ठेवा, एकी दिसते.

निष्कर्ष ठणठणीत हवा : 'तेंडुलकरांनी इतिहासाचा विपर्यास केला.' हे ऐतिहासिक नाटक नाही, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. ते तुमच्या वाटेला कशाला येतंय? मग पुरावे तपासावेत. एका चिरंजीवांनी लिहिलंय, 'नाना फडणवीस प्रत्यक्षात नाचत असल्याचा पुरावा आढळत नाही.' कुठे शोधलास बाबा? पेशवे दफ्तरात? नाना नाचतात ते तमाशाच्या, कीर्तनाच्या बाजाने, आणि लेखकानं त्यांना का नाचवलं हाच तर प्रश्न आहे! घाशीरामाच्या कोठडीत गुदमरून मेलेले तेलंगी ब्राह्मण खरे, घाशीरामाचा शेवट खरा. मग नानांशी स्वतःच्या मुलीचा सौदा करून त्यानं मिळवलेली कोतवाली नाटकाच्या मधोमध का? ब्राह्मणांची रांग पाठ फिरवते आणि बघता बघता भिंत होते, तिच्याआड काय चालतं ते पुण्याला दिसत नाही की बघायचंच नसतं? यावर गठ्ठ्यात एक ओळ नाही. १९७२ मध्ये या नाटकावरून एवढं रान उठलं, ते काय सनावळीच्या चुकांवरून?

अरे, एका बैठकीत वाचून होणारं नाटक आहे ते! अंतर्गत वीस गुणांसाठी तेवढंही होत नाही तुमच्याच्यानं? फोनवर दिसलेला सारांश डकवायचा, वर 'सखोल अभ्यासाअंती' लिहायचं, लाज नाही वाटत? गठ्ठा तसाच परत करतोय, गुण मांडलेले नाहीत. प्रश्नाखाली 'चिकित्सक विवेचन करा' असं छापलं होतं. चुकांची यादी कुणी मागितली होती?