हळदीने मज्जारज्जू उगवत नाही

आमच्या विश्रामबागच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभरात एकच मेसेज चौथ्यांदा आला. सारांश असा: पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू म्हणजे मेंदूची नुसती वायर, तिच्यातल्या बहुतेक पेशी निव्वळ गोंद, मणक्यांमधली गादी सरकली की वायर सुकते, सांगलीची हळद तुपात परतून ४१ दिवस दुधातून घेतली की नव्या चेतापेशी उगवतात. पाठवणाऱ्या काकांचा पाय खरोखरच दुखायचा थांबलाय, त्यामुळे हसण्यावारी नेऊन भागत नाही.

आधी वायर. तापल्या तव्याला बोट लागलं तर चटका कळायच्या आत हात मागे येतो. हा निकाल मज्जारज्जूतच लागतो, मेंदूला खबर मागाहून. आडवा काप घेतला तर मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो. संदेश घेणाऱ्या-देणाऱ्या चेतापेशी तिथे बसलेल्या असतात, माणसात सुमारे २० कोटी.

गोंदाची गोष्ट जरा मोठी आहे. १८५६ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने चेतापेशींभोवतालच्या आधारपेशींच्या पसाऱ्याला ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिलं, त्याचा अर्थच ‘चेतांचा गोंद’. मेसेज तिथेच अडकलाय. मज्जारज्जूत या पेशी चेतापेशींच्या सहा-सात पट आहेत, हे खरं. पण एक जात चेतातंतूंना, म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांना, मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण घालते, म्हणून संदेश वेगाने धावतात. चांदणीच्या आकाराची दुसरी जात भोवतालचे क्षार आणि रसायनं आटोक्यात ठेवते. तिसरी मेलेल्या पेशींचा कचरा गिळते.

आणि खरी मेख पुढे आहे. हातापायातला तुटलेला चेतातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढू शकतो, मज्जारज्जूतला मात्र अडतो. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तर त्याच अडलेल्या जातीचे तंतू त्यातून काही सेंटिमीटर वाढले! म्हणजे धमक तंतूत आहे. भोवतालच्या आधारपेशी, त्यांचं मायलिन वाट देत नाही. जखमेवर या पेशी जो व्रण धरतात तोच खलनायक, असंही बरीच वर्षं मानलं जायचं. २०१६ मध्ये उंदरांत तो व्रण होऊच दिला नाही, तरी तंतू वाढले नाहीत. इतका गुंता हळदीच्या दुधाने सुटला असता तर काय हवं होतं.

आता गादी. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पायांकडे निघालेल्या चेतामुळांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. कंबरेतली गादी बहुधा शेवटच्या दोन जागांपैकी एकीत सरकते, म्हणजे दबतं ते चेतामूळ, मज्जारज्जू नव्हे. सूज उतरते, बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरच जिरवतं, आणि बऱ्याच जणांना सहा ते बारा आठवड्यांत आराम पडतो. ४१ दिवस म्हणजे जवळजवळ सहा आठवडे. काका, आलं ना लक्षात?

हळदीशी माझं वैर नाही. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं बघत वाढलोय, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढेही खाल्ले. पण तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. दूध खुशाल प्या.

फक्त मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी खाली एक ओळ जोडावी: कंबरदुखीबरोबर जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा.