‘बोर्ड आउट झालं की सगळं संपलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर ठळक अक्षरात ‘सर्व फौजी कुटुंबांनी वाचा’. दोन दिवसांत तो विक्रोळीतल्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही फिरला. मजकूर थोडक्यात असा: मानसिक आजारामुळे जवानाला फौजेतून काढण्याचा निर्णय अंतिम असतो, मेडिकल बोर्डाच्या मताला कोर्टही हात लावत नाही. असा आजार रक्तातूनच येतो, नोकरीचा संबंध नसतो, म्हणून पेन्शन नाही. सहा महिने उलटले की दरवाजे बंद. लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, चार नोंदी असतील तर विचारच सोडा. जगातली कुठलीच फौज आपला निर्णय फिरवत नाही. आणि शेवटची ओळ: खरा सैनिक असा कोलमडत नाही, ही सगळी पेन्शनसाठीची सोंगं.

त्याच रात्री भांडुपहून काकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा २०१६ साली बोर्ड आउट झाला, म्हणजे मेडिकल बोर्डाने आजारामुळे अपात्र ठरवून घरी पाठवला. “पोरी, मी ते कागद आता ट्रंकेत ठेवून देते. वाचलंस ना तू?” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. म्हणून हे लिहिते आहे.

मी वकील नाही. माझा थोरला भाऊ दहा वर्षं नोकरी करून २०१३ साली असाच घरी आला, आणि तेव्हापासून त्याची फाइल मी सांभाळते. जे लिहिते ते त्या फाइलीपायी शिकलेलं आहे.

‘आजार रक्तातूनच येतो’ या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. दादाच्या बोर्डाचे कागद आम्हाला माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर मिळाले, तो घरी आल्यानंतर तीन वर्षांनी. छापील इंग्रजी फॉर्मची धूसर झेरॉक्स. आजाराचं नाव, अपंगत्व ४० टक्के, आणि पुढे दोन प्रश्न. आजार नोकरीमुळे झाला का? ‘नो’. नोकरीमुळे वाढला का? ‘नो’. ‘कारणे द्या’ असं छापलेल्या जागी एकच शब्द होता, ‘कॉन्स्टिट्यूशनल’. म्हणजे अंगचाच. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “अगं, पण भरतीच्या वेळी उघडा करून तपासला होता ना त्याला? तेव्हा कसा नाही दिसला अंगचा आजार?”

सातवी शिकलेल्या माझ्या आईचा हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात, जुलै २०१३ मध्ये, निकालाचा पाया केला. हा जवान १९८५ साली भरती झालेला आणि फिट येतात म्हणून १९९४ साली बाहेर काढलेला. त्यालाही आजार अंगचाच आहे असं सांगून पेन्शन नाकारली होती. न्यायालयाने पेन्शनचे नियम उघडून दाखवले: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला असं धरायचं आणि नंतरची तब्येतीची घसरण नोकरीत झाली असं मानायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. आणि भरतीच्या तपासणीत आजार का दिसू शकला नसता याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत.

आता खरं ते सगळं सांगायला हवं. २०१९ साली नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. स्किझोफ्रेनियासारखे आजार भरतीच्या वेळच्या साध्या तपासणीत दिसतीलच असं नाही, त्यामुळे नोंद नव्हती एवढ्यावर पेन्शन मिळणार नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे ‘नक्की मिळेल’ असं कुणी सांगत असेल तर तेही खोटं. पण प्रत्येक माणसाचं प्रकरण वेगळं तपासावं लागतं, आणि ‘कधीच मिळत नाही’ हे तर धडधडीत खोटं. मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. यांच्या निकालात पुन्हा स्किझोफ्रेनियाच होता. १९८८ साली भरती, १९९८ साली घरी. बोर्डाने कारणं दिली नव्हती, म्हणून न्यायालयाने त्याला अपंगत्व पेन्शन मंजूर केली. सत्तावीस वर्षांनी!

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले आहेत. आपला माणूस कोणत्या तारखेला बाहेर पडला ते आधी बघा, मगच दुसऱ्याच्या निकालाशी तुलना करा.

‘बोर्डाला कोर्ट हात लावत नाही.’ याचं उत्तर वीर पाल सिंग यांच्या २०१३ च्या निकालात आहे. १९७२ साली भरती झालेला हा जवान १९७७ साली ‘स्किझोफ्रेनिक रिअॅक्शन’ असं लिहून घरी पाठवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तिथे एक वाक्य लिहिलं आहे, ते मी फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून ठेवलंय: तज्ज्ञांच्या मताचा आदर करायचा, पूजा नाही. डॉक्टरांच्या मतात न्यायाधीश सहसा पडत नाहीत, हे बरोबरच आहे. पण ते मत कशावर बेतलं, हे विचारण्याचा अधिकार न्यायालय सोडत नाही. त्या जवानासाठी पुनर्तपासणीचं मेडिकल बोर्ड बसवण्याचा आदेश निघाला, घरी पाठवल्यानंतर छत्तीस वर्षांनी.

आणि कोर्टाच्या आधीही पायऱ्या आहेत. पहिलं अपील, मग दुसरं अपील, दोन्ही खात्यातच. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याला सगळे एएफटी म्हणतात. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि २००९ पासून काम करतं आहे. त्याचं एक खंडपीठ इथे मुंबईतच आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याची प्रकरणं इथे चालतात, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. जवान हयात नसेल तर वारसांनाही तिथे जाता येतं. दादाचं पहिलं अपील दोन ओळींच्या पत्राने फेटाळलं गेलं तेव्हा मलाही वाटलं होतं, झालं, संपलं. ती पहिलीच पायरी होती हे मला वर्षभराने एका निवृत्त सुभेदारांनी समजावलं. ते वर्ष मला कुणी परत देणार नाही.

यातूनच सहा महिन्यांची गोष्ट येते. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, हे खरं. पण त्याच कलमात उशीर माफ करण्याची तरतूदही आहे, कारण पटण्यासारखं असेल तर. ज्या माणसाला स्वतःच्या नावाचं पाकीट उघडायची भीती वाटते, त्याने सहा महिन्यांत अपील का केलं नाही, याचं कारण त्याच्याच आजाराच्या कागदात असतं. शिवाय तरसेम सिंग यांच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून ती चालू राहिलेली चूक आहे आणि उशिरा आलं तरी दाद मागता येते. मात्र थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून कागद ट्रंकेत ठेवणं महागात पडतं. दरवाजा उघडा राहतो, पण जाणारा प्रत्येक महिना हातचा जातो.

लाल शाईच्या नोंदींवर मला जरा थांबायचं आहे. मानसिक आजार झालेला प्रत्येक जवान हॉस्पिटलमधून बोर्ड आउट होत नाही. कितीतरी जणांचा आजार कुणाच्या लक्षातच येत नाही, दिसतात ती त्याची लक्षणं: रजा संपली तरी परत न येणं, दारू, वरिष्ठाला उलट बोलणं, ड्युटीवर झोप लागणं. प्रत्येकाची शिक्षा होते, प्रत्येकाची लाल नोंद होते, आणि एक दिवस ‘सेवेची गरज नाही’ असा शेरा घेऊन माणूस गावी परततो. दादाच्या बरोबरीचा, जावळी तालुक्यातला एक जण असाच आला. बोर्ड आउट झालेल्याला निदान आजारी तरी म्हणतात. याला गावाने बेशिस्त म्हटलं. मुंबईत टॉवरच्या गेटवर वॉचमनची नोकरी मागायला गेला तरी डिस्चार्ज बुक उघडून आधी तोच रकाना वाचतात.

तर चार लाल नोंदी झाल्या की नोकरी गेलीच पाहिजे, असा कायदा नाही. वीरेंद्र कुमार दुबे यांच्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितलं. सैन्य मुख्यालयाच्याच २८ डिसेंबर १९८८ च्या सूचनांप्रमाणे आधी निःपक्ष चौकशी व्हायला हवी. जवानाची नोकरी किती झाली, किती काळ कठीण ठिकाणी होता, पेन्शनला किती दिवस उरले होते, हे सगळं बघायला हवं. नोंदींची संख्या चार झाली एवढ्यावर घरी पाठवता येत नाही.

अशा घरांना माझं एकच सांगणं असतं. शिक्षांच्या नोंदीचा कागद आणि दवाखान्याच्या नोंदींचा कागद शेजारी शेजारी ठेवा आणि तारखा लावा. त्या जावळीच्या मित्राच्या कागदांत पहिल्या लाल नोंदीच्या तीन आठवडे आधी ‘झोप नाही, डोकं दुखतं’ अशी एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, नोंद निघाली. दुसऱ्या नोंदीच्या आधीही तशीच. चौकशीत हे कुणी बघितलंच नव्हतं.

‘जगातली कुठलीच फौज निर्णय फिरवत नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने निदान दोन देश तरी बघायचे. पहिल्या महायुद्धात पळून गेल्याबद्दल, भित्रेपणाबद्दल ब्रिटिश फौजेने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले कितीतरी तोफांच्या माऱ्याने मनाने मोडलेले होते. त्यातल्या ३०६ जणांना २००६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून माफी दिली. अमेरिकेत तर निरोपाच्या कागदावरच दर्जा लिहिलेला असतो, सन्मानाने की सन्मानाविना. व्हिएतनामहून आलेल्या अनेकांना वाईट दर्जा मिळाला तेव्हा त्यांच्या आजाराला नावही नव्हतं. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आजार, हे निदान अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथले संरक्षणमंत्री चक हेगल यांनी फेरतपासणी मंडळांना सांगितलं की अशा जुन्या अर्जांकडे उदारपणे बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये तीच सवलत इतर मानसिक आजारांना आणि मेंदूच्या दुखापतींनाही लागू झाली. दर्जा बदलून मागायला तिथे पंधरा वर्षांची मुदत आहे, आणि ती उलटली तर रेकॉर्ड दुरुस्त करणारं दुसरं मंडळ आहे.

राहिली शेवटची ओळ, सोंगाची. आपल्या फौजेत प्रत्येक जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांत लिहितात. त्यातलं पहिलं अक्षर, एस, मनाच्या तब्येतीसाठी आहे. कान, हातपाय, डोळे त्यानंतर. म्हणजे मन आजारी पडतं हे फौजेला माहीत आहे, फौजेने तसं लिहून ठेवलं आहे. ते नाकारणारा मेसेज फौजेची बाजू घेत नाही. आणि पैशाचंही बोलू. पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. दादाचे ४० टक्के नियमाने वर नेऊन ५० धरले, तरी तो भाग पगाराच्या १५ टक्के होतो. त्याखेरीज नोकरीचा भाग वेगळा, तो त्याने दहा वर्षं राबून कमावलेला आहे. एवढ्यासाठी कुणी मनोविकार वॉर्डात महिनेन् महिने राहतं का? कुणी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून घेतं का? दादाचं मोडलं.

त्या मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरीचशी बरोबर आहे: वर्दी बहुधा परत मिळत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये, असं २०१६ चा अपंग हक्क कायदा सांगतो, पण लढाऊ जवानांना ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने त्यातून वगळलं आहे. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे. कारण, टक्केवारी, शेरा आणि पेन्शन यांची फेरतपासणी मात्र मागता येते.

दादाचा अर्ज सध्या न्यायाधिकरणात आहे. पुढची तारीख लागली की आम्ही दोघं जाऊ. त्याने पांढरा शर्ट आत्ताच इस्त्री करून ठेवलाय.

रविवारी मी भांडुपला गेले. काकूंनी खरंच कागद ट्रंकेत टाकले होते, दिवाळीच्या पणत्यांखाली, साडीच्या दुकानाच्या पिशवीत. जमिनीवर बसून आम्ही एकेक पान बाजूला काढलं. बोर्डाचा फॉर्म सापडला. दोन्ही प्रश्नांपुढे ‘नो’, आणि ‘कारणे द्या’च्या जागी पेनाने ओढलेली एक आडवी रेघ. काकूंनी चष्मा पुसून ती रेघ परत बघितली आणि विचारलं, “इथं काहीच नाही लिहिलं?” मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला आणि अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात त्या रेघेबद्दल लिहायला घेतलं.