कैसरचे दोन किल्ले

मागच्या महिन्यात फ्रान्समध्ये अल्सासला ओ-कोनिग्सबुर्ग किल्ला बघून आलो, तो अजून डोक्यातून जात नाहीये. खालून बघितलं तर अख्खा किल्ला जागेवर, छपरं, बुरुज, तटबंदी सगळं धडधाकट. आपण राजगड-तोरण्याला पडक्या भिंती आणि जोती बघत वाढलेलो, त्यामुळे मला पहिला प्रश्न हाच पडला की हे बांधलं कधी?

तर १६३३ ला स्वीडिश सैन्याने किल्ला जाळला, पुढे अडीचशे वर्षं नुसते अवशेष. १८७१ ला जर्मनीने अल्सास फ्रान्सकडून घेतलं, १८९९ ला जवळच्या सेलेस्टा गावाने हे अवशेष कैसर (म्हणजे जर्मन सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिले आणि त्याने बोडो एबहार्ट या आर्किटेक्टला कामाला लावलं, डोंगरावर वाफेचं इंजिन चढवलं, आणि १९०८ ला किल्ला उभा. हा मुलूख मुळात जर्मनच होता हे कैसरला दगडात लिहून ठेवायचं होतं. मोठ्या हॉलच्या छतावर साम्राज्याचा गरुड रंगवलाय, फ्रेंचांनी तो पुसला नाही, आजही तिथेच आहे.

तसंच तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्वेला मारिएनबुर्ग, ट्युटॉनिक नाइट्सचा, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा विटांचा अवाढव्य किल्ला. तिथे कॉनराड श्टाइनब्रेश्ट हा आर्किटेक्ट १८८२ पासून चाळीस वर्षं दुरुस्ती करत होता. म्हणजे राज्याच्या दोन टोकांना दोन किल्ले, आणि आज दोन्ही जर्मनीत नाहीत! पहिला १९१९ ला फ्रान्सकडे गेला, दुसरा १९४५ च्या लढाईत निम्म्याहून जास्त कोसळला आणि पोलंडच्या वाट्याला आला, माल्बोर्क नावाने. ज्या नाइट्सना पोलंडने १४१० ला ग्रुनवाल्डला हरवलं त्यांचा किल्ला पोलिश लोकांनी परत बांधून काढला. १४५७ नंतर तीनशे वर्षं तो पोलिश राजांकडे होता हे खरं, तरी युद्धात होरपळलेल्या देशाने त्यावर एवढी मेहनत घ्यावी याने मी खरंच भारावून गेलो.

असल्या किल्ल्यांना बरेच जण डुप्लिकेट म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. बाराव्या शतकाबद्दल त्या भिंती थोडंच सांगतील, पण कैसरच्या काळातल्या जर्मनीला काय व्हायचं होतं हे त्यांच्याइतकं उघड कुठे दिसणार? आमच्या गाइडने जुन्या सरदारांवर अर्धा तास घालवला आणि १९०० ते १९०८ दोन वाक्यांत उरकलं. मला त्या आठ वर्षांबद्दलच ऐकायचं होतं.