बल्गेरियाला स्वातंत्र्य कुणी दिलं?

३ मार्चच्या संध्याकाळी कट्ट्यावर चहा यायच्या आधीच पम्यानं वाद काढला. बल्गेरियाचा राष्ट्रीय दिन म्हणजे १८७८च्या सान स्तेफानो तहाचा दिवस. "तह कुणात झाला? रशिया आणि तुर्कस्तानात. बल्गेरियाची सही कुठंय त्यावर? मग स्वातंत्र्य रशियानंच दिलं, सरळ आहे."

नानांना ते लागलं. "अरे, राज्य तुर्कस्तानच्या सुलतानाचं होतं, पण चर्चमधे बिशप ग्रीक आणि प्रार्थनाही ग्रीकमधे. १७६२ मधे पाइसी नावाच्या साधूनं आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. स्वतःच्या भाषेची लाज कसली वाटते, म्हणून खडसावलं. लोकांनी हातानं त्याच्या नकला करून गावोगाव नेल्या. पुढं शाळा निघाल्या, आणि १८७० मधे सुलतानाला बल्गेरियन चर्च वेगळं मान्य करावं लागलं. तेव्हा रशियाचं सैन्य कुठं होतं?"

"शाळा काढून सुलतान जात नसतो, नाना."

"त्या शाळेतलीच होती ना रायना," शीतल म्हणाली. पानाग्युरिश्ते गावची वीस वर्षांची शिक्षिका. १८७६च्या एप्रिलमधल्या उठावासाठी तिनं झेंडा शिवला, त्यावर सिंह आणि 'स्वातंत्र्य किंवा मरण' ही अक्षरं भरली. उठाव चिरडल्यावर तिला तुरुंगात टाकलं. त्याच उठावात लोकांनी चेरीच्या झाडाचे बुंधे आतून पोखरले, बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांच्या तोफा केल्या. कित्येक फुटल्या. पण आपल्या परसातलं फळझाड तोडून तोफ करायला बसलेला माणूस परक्याची वाट बघतोय असं मला तरी वाटत नाही.

पम्याचा आवाज उतरला, मुद्दा मात्र सुटला नाही. "आणि बाताक गाव? तिथले लोक जीव वाचवायला चर्चमधे शिरले, पाण्यावाचून हातांनी जमीन उकरत बसले आणि तिथंच कापले गेले. त्यांना कुणी वाचवलं?"

कुणी नाही. यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. पण बाताकची हकीकत मॅकगाहान या वार्ताहरानं लंडनच्या 'डेली न्यूज'मधे छापून आणली, ब्रिटिश नेते ग्लॅडस्टन यांनी पत्रक काढून रान उठवलं आणि तुर्कस्तानला पाठीशी घालणं ब्रिटिश सरकारला जड गेलं. १८७७ मधे रशिया युद्धात उतरला, त्याला वाट या मेलेल्या माणसांनी करून दिली होती. शिपका खिंडीत गोळ्या संपल्यावर दगड लोटणाऱ्यांत रशियनांच्या जोडीला बल्गेरियन स्वयंसेवक होते.

मला राहवेना, मी बल्गेरियन क्रांतिकारक लेव्हस्कीचं काढलं. हा तरुणपणी बेलग्रेडला बल्गेरियन पथकात लढायला गेला होता. सर्बियाचं तुर्कांशी जमलं आणि पथक मोडलं. दुसऱ्याच्या जिवावर बंड उभं राहत नाही, हे त्याला कळून चुकलं. मग वेश बदलून तो देशभर हिंडला, गावागावांत गुप्त समित्या बांधल्या. त्याला हवं होतं ते प्रजासत्ताक, आणि त्यात तुर्कालाही बरोबरीचा हक्क. 'जिंकलो तर सगळं राष्ट्र जिंकेल, हरलो तर मी एकटा हरेन,' असं त्यानं पत्रात लिहिलंय. फेब्रुवारी १८७३ मधे त्याला सोफियात फाशी दिलं.

"फाशी गेला, देश नाही सुटला," पम्या म्हणाला.

"आणि तुझ्या तहानं तरी कुठं सुटला?" नाना उठूनच उभे राहिले. "चार महिन्यांत बर्लिनला बड्या राष्ट्रांनी त्याचे तुकडे केले. मॅसिडोनिया परत सुलतानाला, बाल्कन डोंगराच्या दक्षिणेचा पूर्व रुमेलिया त्याच्याच ताब्याखाली. १८८५ मधे लोकांनी आपणहून तो भाग जोडून घेतला, तेव्हा रशियाच्या झारला राग आला. बल्गेरियन सैन्यातले आपले सगळे अधिकारी त्यानं परत बोलावले. त्यातच सर्बियानं हल्ला केला."

"मग लढलं कोण?"

"कॅप्टन. बल्गेरियाच्या सैन्यात बल्गेरियन माणूस कॅप्टनच्या वर क्वचितच चढलेला होता. समोर सर्बियाचे जनरल. स्लिवनित्साला त्यांना मागं रेटलं, आणि पार सर्बियात घुसले."

पम्यानं ग्लास खाली ठेवला. "कॅप्टन? नुसते कॅप्टन?"

"नुसते कॅप्टन," नाना म्हणाले, आणि १९०८ची टार्नोवोतली पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा सांगायला परत खाली बसले.